विभाची नऊ पुस्तकं

गुरुवारी संध्याकाळी उमाकांत कचेरीतून घरी आला, सायकल व्हरांड्याच्या खांबाला टेकवली, विजारीच्या क्लिपा काढल्या, आणि तेवढ्यात विभा पायरीवर येऊन म्हणाली, "बाबा, आज एक भैया आले होते. त्यांनी मला विचारलं, तुम कौन-सी किताबें पढ़ती हो?"

तिनं हे अगदी सहज सांगितलं. दारावर भाजीवाली येऊन गेली असं सांगावं तसं. उमाकांतच्या क्लिपा हातातच राहिल्या.

"कोण भैया?"

"माहीत नाही. मफलरवाले. सायकलवर आले होते."

"मग तू काय सांगितलंस?"

"मी सगळी आणून दाखवली. नऊच्या नऊ. ते खूश झाले. मतलब, त्यांनी सगळ्यांची नावं वहीत लिहून घेतली. मग विचारलं, कहाँ से लाती हो. मी सांगितलं, चौड्या रस्त्यावरून, हिंदुरावकाकांकडून."

"आणि माझं नाव?"

"ते पण विचारलं. तुम्ही कुठं काम करता तेही मीच सांगितलं. बाबा, मी बरोबर सांगितलं ना?"

"आई कुठं होती तेव्हा?"

"आई मागे, वाळवण उचलत होती."

बरोबर सांगितलंस, असं म्हणून उमाकांत आत गेला. पाय धुतले, चहा घेतला, पेपर उघडला. पण डोळे अक्षरांवरून नुसते घसरत राहिले. माणूस सायकलवरून येतो, फाटकाशी थांबतो, घरात बाईमाणूस मागच्या अंगणात असताना सात वर्षांच्या पोरीला गाठतो आणि विचारतो काय, तर पुस्तकं कोणती वाचतेस. विकणारा असता तर पिशवी असती. ओळखीचा असता तर नाव सांगून गेला असता. वहीत लिहून घेणारी माणसं कोण असतात हे केंद्र सरकारच्या कचेरीत चौदा वर्षं काढलेल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. आणि महिना कुठला, तर बासष्टचा डिसेंबर. सरहद्दीवरच्या तोफा थांबून तीन आठवडे झाले होते, पण जयपूरच्या बापूनगरातल्या बायका अजून उन्हात बसून जवानांसाठी स्वेटर विणत होत्या. त्याच्या बायकोनं, जयंतीनं विणलेली खाकी लोकरीची एक बाहीही खुर्चीवर पडली होती. कचेरीत जिन्यापाशी नवा फलक लागला होता, बोलताना आजूबाजूला पाहा. पेपरात रोज कुणाला तरी धरल्याची बातमी असे. धरलेल्यांत एक प्राध्यापक होता, एक छापखानेवाला होता. त्यांच्या घरी आधी कुणी मफलरवाला येऊन गेला असेल का, आणि त्यांनी चहा पिता पिता ते ऐकून सोडून दिलं असेल का, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्यानं कप खाली ठेवला.

पुस्तकं होती विभाच्या खाटेशेजारच्या फळीवर. पाऊस, चंद्र, मुंग्या, वाफेचं इंजिन, समुद्राचा तळ, माणसाचं हृदय, असं एकेका गोष्टीवर एकेक पुस्तक. हिंदीतली, पण छापलेली परदेशात. कागद जाड आणि तुळतुळीत, रंग असे की बोट लावलं तर ओलं होईल असं वाटावं, आणि उघडल्याबरोबर एक निराळा वास यायचा, रॉकेल आणि सरस यांच्या मधला. विभा आधी वास घ्यायची, मग वाचायची. त्याला स्वतःलाही तो वास आवडत असे. फक्त एक गोष्ट पहिल्या दिवसापासून त्याला खटकली होती, आणि ती त्यानं कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती: इतकी चांगली पुस्तकं कुणी इतक्या स्वस्तात का द्यावीत? कोण कुठला रशिया. त्याला जयपूरच्या पोरीला पाऊस कसा पडतो हे सांगण्याची एवढी काय निकड?

तरी तो घेत गेला. त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी बदलीवर सांगलीहून आले तेव्हा स्टेशनावरून टांग्यात बसल्यावर चार वर्षांच्या विभानं विचारलं होतं, "बाबा, चंद्र आपल्याबरोबर का चालतो?" उमाकांतला उत्तर आलं नाही. बी.ए. झालेल्या माणसाला, सरकारी अधिकाऱ्याला, येऊ नये! त्यानं तिला जवळ ओढून शाल पांघरली आणि विषय बदलला. पण टांग्याच्या त्या हिसक्यांबरोबर त्याला सांगलीचा घाट आठवत राहिला. तो सहा वर्षांचा होता. कृष्णेच्या पाण्यात पाय सोडून बसला होता आणि त्यानं विचारलं होतं, अण्णा, एवढं पाणी रोज जातं तरी नदी संपत का नाही? अण्णा म्हणजे वडील, कोर्टात कारकून. त्यांनी धोतराचा सोगा पिळता पिळता त्याच्याकडे असं पाहिलं, जणू पोरानं त्यांच्या खिशात हात घातला होता. "आगाऊपणा नको. एकोणतिसाचा पाढा म्हण." त्यानं म्हटला. पुढं कधी काही विचारलं नाही. विचारायचं नसतं हेच त्याच्या अंगवळणी पडलं, आणि खरं सांगायचं तर नोकरीत त्याचा फायदाच झाला. पण टांग्यातल्या त्या पोरीचं तोंड आपल्याच हातानं बंद होणार असं दिसलं तेव्हा त्याला भीती वाटली. पुढच्याच रविवारी चौड्या रस्त्यावर एका लाकडी तख्तावर मांडलेल्या पुस्तकांत त्याला चंद्राचं पुस्तक दिसलं. तख्तामागचा धिप्पाड म्हातारा त्याच्या कपाळावरच्या गंधाकडे बघून म्हणाला होता, "मराठी दिसताय साहेब! कुठलं गाव म्हणायचं?"

ते हिंदुराव. मूळचे कागलकडचे. फौजेत रंगरुटांना लिहायला-वाचायला आणि नकाशे बघायला शिकवणारे हवालदार होते. पेन्शनीत निघाल्यावर इथंच राहिले. शाळेची पुस्तकं विकत, पण जीव या रंगीत पुस्तकांवर. गिऱ्हाईक घेवो न घेवो, ते एखादं पान उघडून दाखवत. "बघा की साहेब, हे काळीज! नुसतं मुठीएवढं. आमच्या पलटणीत डाक्टर सांगायचा, पर चित्र कवा बघितलं न्हवतं." विभा दर चार महिन्यांनी तिथं जायला नाचत असे. घरी आल्यावर बाप हिंदीत वाचायचा आणि मराठीत सांगायचा. वाफ, बाष्प, कण, आस, असे शब्द शोधून शोधून तिच्या हातात ठेवायचा. तिची मराठी अशी अडखळणारी, पण चंद्राची कला हा शब्द ती न चुकता म्हणे. कुणी विचारलं असतं की गेल्या तीन वर्षांत तू सुखी कधी होतास, तर उमाकांतनं त्या संध्याकाळी सांगितल्या असत्या. आता त्याच संध्याकाळी कुणाच्या तरी वहीत लिहिल्या गेल्या होत्या.

शुक्रवारी कचेरीत गजानन टेबलाशी आला. अकोल्याकडचा, हसतमुख, उमाकांतच्याच सेक्शनमधला. "उमाकांतराव, एक विचारू? तुम्ही मुलीला ती विज्ञानाची पुस्तकं आणता, ती कुठून? आमचा दिलीप मागे लागलाय."

"का?" उमाकांत म्हणाला.

"का म्हणजे? वाचायला!" गजानन हसला.

तो हसून निघून गेला आणि उमाकांत त्याच्या पाठीकडे पाहत राहिला. तीन वर्षांत यानं कधी पुस्तकांचं नाव काढलं नाही, ते नेमकं आज? गुरुवारी मफलरवाला, शुक्रवारी गजानन. सीनियॉरिटीच्या यादीत उमाकांतच्या खाली कुणाचं नाव आहे? गजाननचं. जागा रिकामी झाली तर कोण वर सरकेल? पुन्हा गजाननच. हे असं जुळत गेलं की त्याला आतून एक थंड समाधानसुद्धा वाटलं. अंधारात चाचपडताना भिंत हाताला लागावी तसं. दुपारच्या डब्यात जयंतीनं दिलेली मेथीची भाजी होती. ती त्यानं गजाननला नेहमीप्रमाणे देऊ केली, आणि गजाननानं ती घेतली का, घेताना नजर चुकवली का, याचाच विचार तो पाच वाजेपर्यंत करत होता.

रविवारी जेवणं झाल्यावर तो नऊ पुस्तकं घेऊन गच्चीवर उन्हात बसला. आजवर ही पुस्तकं त्यानं विभासाठी वाचली होती. आज कचेरीतल्या फायली वाचतो तशी वाचायला घेतली, पेन्सिल घेऊन. पहिल्या दोनांत काही सापडलं नाही. पाऊस पडत होता, वाफ वर जात होती. चंद्राच्या पुस्तकात शेवटी एक अग्निबाण होता आणि त्यावर लाल तारा. तारा त्यानं पूर्वीही पाहिला होता. आज तो आधीपेक्षा मोठा वाटला. मग मुंग्या. 'चींटियों के घर में कोई मालिक नहीं होता। सब मिलकर काम करती हैं, सब मिलकर खाती हैं।' या ओळी त्यानंच विभाला तीनदा वाचून दाखवल्या होत्या. पुढं लिहिलं होतं की राणी मुंगी नावाचीच राणी, ती कुणावर हुकूम चालवत नाही. राजेरजवाड्यांच्या या शहरात! आता हे मुंग्यांविषयी आहे की आणखी कशाविषयी? मुंग्यांत मालक नसतो हे खरंच आहे. पण खरं आहे म्हणून निरुपद्रवी आहे असं थोडंच? लहान पोराला आधी मुंग्या दाखवायच्या, मग माणसं. त्यानं पेन्सिलीनं समासात फुली केली आणि लगेच खोडरबरानं पुसली, कारण फुली पाहून कुणाला वाटलं असतं की या माणसाला आधीपासून ठाऊक होतं.

नववं पुस्तक रेशमाच्या किड्याचं होतं. दोन शेपट्यांची एक मुलगी तुतीची पानं तोडते, किडे खातात, कोश विणतात, बस एवढंच. विभाचं सगळ्यात आवडतं. त्यानं शेवटचं पान उलटलं. अगदी खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, छपाईचं गाव होतं: पेकिंग. साल छप्पन्न.

त्यानं ते गाव पुन्हा वाचलं. हे पुस्तक त्यानंच निवडलं होतं. हिंदुराव म्हणाले होते, हे जुनं हाय साहेब, कोपरा दुमडलाय, दुसरं घ्या. पण विभानं ते छातीशी धरलं आणि त्यानं म्हटलं, असू दे, हेच द्या. छप्पन्न साली चीन म्हणजे भाऊ होता, सगळे तसंच म्हणत होते. आता ते कुणाला सांगायचं?

विभा कधी गच्चीवर आली कळलं नाही. ती त्याच्या खांद्यावरून वाकून त्या मुलीच्या चित्रावर बोट ठेवत म्हणाली, "बाबा, आमच्या वर्गातला दिलीप म्हणतो, सगळे चिनी दुश्मन आहेत. ही पण दुश्मन आहे का?"

"हळू बोल," उमाकांत म्हणाला.

"पण आहे का?"

"हळू बोल म्हटलं ना!"

तिनं चित्रावरचं बोट काढून घेतलं. शेजारच्या गच्चीवर शेखावतांची मोलकरीण पापड उलटत होती. तिनं मान वर केली की नाही, हे त्याला नक्की दिसलं नाही.

सोमवारी माथुरसाहेबांनी बोलावलं. ते खात्याचे इथले मुख्य. सौम्य, पानाची आवड असलेले गृहस्थ. काम दुसरंच होतं, एका फायलीवर सही राहिली होती. सही झाली. उमाकांत उठत होता तेव्हा ते सुपारी कातरत म्हणाले, "और, घर में सब ठीक? बिटिया की पढ़ाई कैसी चल रही है?"

पढ़ाई. उमाकांत पुन्हा खुर्चीत बसला. इतक्या वर्षांत त्यांनी कधी विभाची चौकशी केली नव्हती. की केली होती? गेल्या दिवाळीत केली होती बहुतेक. पण आज आवाज निराळा होता. ते आपल्याला संधी देताहेत, त्याला वाटलं, स्वतःहून सांगायची संधी. जो आधी सांगतो तो साक्षीदार होतो आणि जो नंतर सांगतो तो आरोपी, हे त्यानं किती चौकश्यांत पाहिलं होतं. मग त्यानं सांगितलं. पुस्तकं, तख्त, पेकिंग, सगळं. बोलता बोलता आपला आवाज लहान मुलासारखा होतोय हे त्याला ऐकू येत होतं. माथुरसाहेबांची सुपारी थांबली. ते आधी नुसते चकित झाले, आणि त्या चकित होण्यावरूनच उमाकांतला समजायला हवं होतं की त्यांना काहीही ठाऊक नव्हतं. पण तोवर त्यांचाही चेहरा बदलला होता. ऐकून घेतलेली गोष्ट आता त्यांच्याही अंगावर आली होती.

"लिखकर दे दीजिए," ते म्हणाले. "हिंदी में। आगे भेजना पड़ेगा। आपके ही हित में है।"

उमाकांत टेबलाशी परतला आणि त्यानं लिहिलं. त्याचं अक्षर कचेरीत प्रसिद्ध होतं. निरोपसमारंभाची मानपत्रं त्याच्याकडूनच लिहून घेत. हिंदी लिहितानाही ल आणि श तो मराठी वळणाचे काढी, म्हणून कागदावर सही नसली तरी माणूस कळे. त्यानं दुकानाची जागा लिहिली, माणसाचं नाव लिहिलं, पुस्तकांची नावं लिहिली. शेवटच्या ओळीशी त्याचा हात थांबला. मग त्यानं लिहिलं की रेशमाच्या किड्याचं पुस्तक विक्रेत्यानं आग्रह करून गळ्यात मारलं. एवढं एकच वाक्य खोटं होतं. बाकी सगळं खरं असल्यामुळे ते त्यात सहज मावलं.

मंगळवारी तो पहाटफुटीला उठला. थंडी कडाक्याची होती. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबात त्यानं लाकडाचे ढलपे घातले, आणि पेटल्यावर एकेक पुस्तक फाडून आत सरकवलं. तो तुळतुळीत कागद लवकर पेट घेईना. पानं आधी तपकिरी व्हायची, मग रंग उकळल्यासारखे फुगायचे, हिरवट ज्योत निघायची. हृदयाचं चित्र बराच वेळ तसंच राहिलं आणि एकदम आक्रसलं. धूर डोळ्यांत गेला. साडेसातला विभानं त्याच पाण्यानं अंघोळ केली आणि दात न वाजवता बाहेर आली. "आज पाणी मस्त गरम होतं, आई!" ती केस पुसत म्हणाली, आणि मग तिचं लक्ष फळीकडे गेलं.

"जवानांच्या मुलांना पाठवली," उमाकांत म्हणाला. "त्यांच्याकडे पुस्तकं नसतात."

त्याला वाटलं होतं ती रडेल. तिनं रिकाम्या फळीवरून हात फिरवला, मग ताठ उभी राहून म्हणाली, "सगळी? नऊच्या नऊ? छान केलंत, बाबा." दप्तर भरताना ती शेजारच्या मुलीला खिडकीतून ओरडून सांगत होती की मी माझी सगळी पुस्तकं फौजेला दिली. जयंतीनं बंबाची राख काढली तेव्हा तिला पुठ्ठ्याचा एक कोपरा सापडला. तिनं तो बोटांत धरून नवऱ्याकडे पाहिलं. "काय जाळलंत?" "जुने कागद," तो म्हणाला. तिनं कोपरा परत राखेत टाकला. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली. निदान त्याला तरी तसं वाटू लागलं. तिनं कुणाला सांगितलं असेल का, हाही एक विचार त्याच्या डोक्यात येऊन बसला.

दोन आठवडे कुणी आलं नाही. फाटकाची कडी वाजली की तो पेपर टाकून उठायचा आणि दूधवाला असायचा. मग शनिवारी जयंती शाळेतल्या पालकसभेहून आली. चपला काढल्या, पदरानं तोंड पुसलं, आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "तो मफलरवाला सापडला."

"कुठं?"

"शाळेत. ऑफिसातला नवा माणूस आहे. शाळा मुलांसाठी वाचनालय काढतेय, म्हणून बाईंनी त्याला घरोघर पाठवलं होतं, मुलं काय वाचतात ते लिहून आणायला. शेखावतांकडे गेला होता, सगळ्यांकडे गेला होता. आपल्या विभाची यादी सगळ्यात मोठी निघाली. बाईंनी सभेत वाचून दाखवली. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला कुठं बघावं कळेना." तिनं पिशवी खुंटीला अडकवली. "पुस्तकं घ्यायला तो माणूस चौड्या रस्त्यावर गेला, तर तख्त रिकामं. हिंदुरावांना चौकीत नेलं होतं म्हणे. चार दिवस बसवून ठेवलं. पुस्तकं पोत्यांत भरून नेली. अहो, त्या म्हाताऱ्याचं नाव कुणी दिलं असेल हो?"

तिनं हे विचारलं, की सांगितलं? उमाकांतनं तिच्या चेहऱ्यावर शोधून पाहिलं. तिथं काही लिहिलेलं नव्हतं. ती आत जाऊन कणीक मळायला बसली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी दहाच्या सुमारास, हिंदुराव स्वतः आले. फौजी बरानकोट घातला होता, त्यावर पदकाची पट्टी लावली होती, दाढी मात्र दोन दिवसांची होती. त्यांनी बूट व्हरांड्यात काढले आणि खुर्ची पुढं केली तरी तिच्या कडेवरच बसले. आधी कधी ते कडेवर बसले नसते.

"साहेब, एक काम हाय," ते म्हणाले. "अर्ज लिहायचाय. माझी पुस्तकं परत द्या म्हणून. आमची घरवाली गंगू म्हणती, गप बसा, परत चौकीत जाऊ नका. पर मी बावीस वर्सं फौजेत काढली. गप बसलो तर लोक म्हणतील, काय तरी असंल. माझं अक्षर म्हणजे कोंबड्याचे पाय. तुमच्यासारखं अक्षर साऱ्या जयपुरात न्हाई. पोरीचं नाव पुस्तकांवर घालताना बघितलंय की मी."

"कुणी केलं असेल हे?" उमाकांतनं विचारलं. पुढचं वाक्यही लगेच आलं. "आमच्या कचेरीत एक गजानन म्हणून आहे. तो मध्ये तुमच्या पुस्तकांची चौकशी करत होता."

हिंदुरावांनी मान हलवली. "ते येऊन गेले की. पोराला घिऊन. भला माणूस. न्हाई साहेब, कुणावर उगाच कशाला घ्यायचं? कुणी तरी भ्यालेला असंल. पोराबाळांचा धनी असंल. पलटणीत मी लई बघितलीत अशी. भ्यालेला माणूस गोळी कुठं मारतो त्याचं त्यालाच कळत न्हाई."

त्यांनी हे खिडकीकडे बघत म्हटलं. उमाकांतला त्यांचे डोळे हवे होते, ते मिळाले नाहीत. तो उठला, ताव काढला, दौत काढली. जयंती चहा ठेवून गेली. जाताना विभाला हाताला धरून घेऊन गेली.

हिंदुराव सांगत होते आणि तो लिहीत होता. चारच ओळी झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की हा अर्ज जिथं जाणार तिथं त्याचा कागद आधीच पडलेला आहे. दोन्ही एकाच फायलीत लागतील. कुणीतरी ते शेजारी शेजारी धरील. त्यानं पुढच्या ओळीपासून अक्षर डावीकडे कलतं काढायला सुरुवात केली, शेपट्या आखडल्या, ल हिंदी वळणाचा केला. हात दुखू लागला. अर्ध्या पानावर आल्यावर हिंदुराव वाकून बघायला लागले.

"आज अक्षर निराळं आलंय, साहेब."

"थंडीनं बोटं आखडलीत."

"असंल," हिंदुराव म्हणाले. त्यांनी आपले दोन्ही हात, मोठे, भेगाळलेले, टेबलावर पालथे ठेवले. हात थोडे थरथरत होते. चौकीत बसून आल्यावर लागलं असेल, की आधीपासूनच होतं? उमाकांतनं कधी पाहिलंच नव्हतं. या हातांनी उघडून धरलेली पानं तेवढी त्यानं पाहिली होती.

त्यानं तो ताव बाजूला केला आणि दुसरा घेतला. पहिल्यापासून, स्वतःच्या अक्षरात लिहू लागला. बावीस वर्षांची नोकरी लिहिली, पलटण लिहिली, पुस्तकं मुलांसाठी आहेत आणि दिल्लीच्या दुकानातून रीतसर आणलेली आहेत असं लिहिलं. ल त्याचा होता, श त्याचा होता. लिहिताना घाम आला, पण बोटं आता आखडली नाहीत. हिंदुरावांचं सांगून संपलं. तरी उमाकांतचा टाक थांबला नाही. त्यानं आणखी एक ओळ लिहिली: रेशम के कीड़े की किताब मैंने किसी पर थोपी नहीं थी, ग्राहक ने मेरे मना करने पर भी अपनी मर्जी से ली थी।

मग त्यानं टीपकागद दाबला आणि ताव पुढं सरकवला. हिंदुरावांनी कोटातून चष्मा काढला. रंगरुटांना शिकवताना करत असतील तसं प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवत ते वाचत गेले. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. ते पुन्हा मागं गेलं आणि ती ओळ त्यांनी दुसऱ्यांदा वाचली.

"हे मी सांगितलं न्हवतं," ते म्हणाले.

"नाही," उमाकांत म्हणाला. "पण खरं आहे ते."

आत जयंतीच्या पोळपाटाचा आवाज बंद झाला. हिंदुरावांनी चष्मा काढला नाही. त्यांनी उमाकांतकडे पाहिलं, आता सरळ आणि बराच वेळ. रागानं पाहत होते की दयेनं, हे ओळखायचा प्रयत्न उमाकांतनं केला, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच तो सोडून दिला. जे असेल ते त्यांचं होतं.

बाहेर रस्त्यावरून एक उंटगाडी करकरत गेली. हिंदुरावांनी टाक उचलला, दौतीत बुडवला, तिच्या काठावर जास्तीची शाई निथळू दिली.

"सही कुठं करायची, साहेब?" त्यांनी विचारलं.

उमाकांतनं त्याच ओळीखाली बोट ठेवलं.